सरळ गल्ल्यांचं नगर

“आता कवळी तेवढी राहिली आहे, तीही काढून ठेवते. म्हणजे यांचं समाधान होईल,” आई थोरलीच्या कानाशी पुटपुटली.

गाडीच्या मागच्या भागात दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. आईच्या अंबाड्यातल्या पिना शोधून काढायचं काम थोरलीकडे होतं आणि दर पिनेमागे आईचा एक शेरा ठरलेला होता. हूक आधीच गेले होते. त्यांनी भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांच्या खाली एक शिंपी बसायचा; त्यानं सगळ्यांच्या कपड्यांच्या चेन आणि हूक उसवून नाड्या लावून दिल्या होत्या, आणि लावताना पूर्ण वेळ ‘चांगली माणसं दिसतात, पण’ असा चेहरा ठेवला होता.

“झालं का गं?” बाहेरून बाबांचा आवाज आला. ते प्लास्टिकची टोपली धरून उभे होते. टोपलीत किल्ल्या, घड्याळं, पट्टे, मोबाईल. “आणि चष्मा?”

“चष्म्याशिवाय मला दोरी दिसत नाही.”

“दोरी धरायची असते. बघायची नसते.”

आईनं चष्मा काढून पडद्याबाहेर हात केला आणि टोपलीत टाकला नाही, आपटला.

कामच तसं होतं. मातीत पूर्वी कधी चूल पेटली असेल, विटा भाजल्या असतील, खड्डा खणून बुजवला असेल, तर त्या जागेचं चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा केसभर वेगळं राहतं. तो केसभर फरक टिपणारं यंत्र घेऊन जमिनीवरून चालायचं. न खणता खालचं कळतं. पण इतक्या हलक्या कानाच्या यंत्राजवळ साधी केसातली पिन जरी आली, तरी कुजबुज ऐकायला कान लावावा आणि शेजारी कोणीतरी ताट आपटावं तशी गत होते. म्हणून यंत्र घेऊन चालणाऱ्याच्या आणि दोऱ्या हलवणाऱ्यांच्या अंगावर धातूचा कण चालत नाही. चहाचा स्टीलचा थर्मास लांब झाडाखाली ठेवायचा आणि चहा प्यायचा तर तिथवर जायचं.

थोरली आणि तिचा नवरा हाच उद्योग करायचे. नवरा चालायचा, थोरली नकाशे काढायची. एरवी त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे इमारती बांधणारे आणि पाइप टाकणारे लोक. खाली जुनी विहीर नाही ना, एवढंच त्यांना हवं असायचं. हे काम मात्र घरचं होतं. बाबांच्या नगराचं.

बाबा शाळेत जुनी भाषा शिकवायचे. एका जुन्या पोथीत एका नगराचं वर्णन आहे, आणि ते एका दिवसात मातीत गेलं असं पोथीच सांगते. बाकीच्यांनी ती गोष्ट म्हणून वाचली. बाबांनी ती पत्ता म्हणून वाचली. नदीचं वळण, टेकडीची सावली, वाटेतलं खारं पाणी, असं एकेक जुळवत त्यांनी बोट टेकवलं ते या गवताळ माळावर. थोरली शाळेत होती तेव्हा त्यांनी चार विद्यार्थी घेऊन इथे खड्डा खणला होता. त्यात एक घडवलेला दगड लागला. वर्तमानपत्रात फोटो आला: दगड, आणि दगडावर हात ठेवलेले बाबा. पुढच्याच आठवड्यात रस्तेखात्याचा एक म्हातारा कारकून येऊन सांगून गेला की हा आमचा हद्दीचा दगड, आम्हीच पुरलेला. त्या दिवसापासून गावानं बाबांचं नाव ठेवलं नगराध्यक्ष. किराणा आणायला गेले तरी, “काय नगराध्यक्ष, पाणीपट्टी कधी बसवताय?” बाबा हसायचे. हसायचे आणि साखर न घेताच परत यायचे.

आता त्या माळावर मोठं गोदाम होणार होतं. एकदा काँक्रीट पडलं की मग पोथी आणि जमीन दोघी गप्प. थोरलीनं गोदामवाल्यांकडून काही आठवड्यांची परवानगी मिळवली, हातातली इतर कामं पुढे ढकलली, यंत्र गाडीत घातलं आणि आईवडिलांना घेऊन आली. महिनाअखेरीच्या शनिवारी विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाई नकाशा बघायला येणार होत्या. खणण्यासारखं काही आहे असं त्या म्हणाल्या, तरच गोदाम थांबणार होतं.

माळावर दोऱ्यांनी चौकोन आखले होते. एका चौकोनात नवरा यंत्र कमरेशी धरून एका टोकाकडून दुसरीकडे जायचा, वळायचा, दोरी एक पाऊल सरकली की परत यायचा. यंत्र टिक टिक करायचं आणि त्या टिकटिकीच्या तालावर तो पाऊल टाकायचा. जाणं एक पट्टी, येणं दुसरी पट्टी. पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या की चित्र तयार. रोज दुपारनंतर खोलीवर थोरली ते चित्र संगणकाच्या पडद्यावर उघडायची. जुन्या चुली, भट्ट्या काळ्या दिसायला हव्या होत्या, भिंतींच्या ओळी उजळ. दिसायचं ते करडं. खाली लागलेली पेज जशी दिसते तसं करडं. मध्येच एखादी पुरलेली तार, एखादा मोडका नांगराचा फाळ.

“अजून पश्चिमेकडचे चौकोन राहिलेत,” बाबा म्हणायचे. पश्चिमेकडचे झाले तेव्हा, “उत्तरेकडचे राहिलेत.” आई बटाटे सोलायची. नवरा दमून भिंतीला टेकलेला असायचा आणि थोरली पडद्यावर चित्र मोठं करायची, लहान करायची, पुन्हा मोठं करायची. चौघांनाही एकच दिसत होतं आणि चौघंही त्याबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत होते.

मग एके सकाळी नवऱ्याचा पाय उंदराच्या बिळात गेला. घोटा टम्म सुजला. तो गवतात बसला, यंत्र मात्र दोन्ही हातांनी वर धरलेलं, जणू बाळच.

“आता काय करायचं?” थोरली म्हणाली.

“मी चालतो,” बाबा म्हणाले.

आईनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं दोरीकडे पाहिलं. नवऱ्यानं आपल्या घोट्याकडे पाहिलं.

नवा माणूस यंत्र घेणार असेल तर एक प्रश्न विचारावाच लागतो. तो न विचारता यंत्र द्यायचं नाही हा त्यांच्या कामाचा नियमच होता, आणि गेले काही आठवडे तो प्रश्न सगळ्यांना डोळ्यांत तेल घालून विचारत होते ते बाबाच. थोरलीनं विचारलं, “बाबा, अंगावर काही धातू?”

“काढण्यासारखं होतं ते सगळं काढलंय,” बाबा म्हणाले आणि यंत्राचा पट्टा गळ्यात घातला.

उत्तर खोटं नव्हतं. जे काढण्यासारखं नव्हतं ते त्यांच्या उजव्या खुब्यात होतं. तो दगड हद्दीचा निघाल्यावर दोन दिवसांनी बाबा एकटेच त्या खड्ड्याशी गेले होते, आणि आत पडले. खुबा मोडला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीनं एक जाडजूड पोलादी पट्टी बसवली, स्क्रूंनी आवळली, आणि म्हणाले, ही तुमच्याबरोबरच जाईल आता. तीन महिने बाबा पलंगावर होते. आई त्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, पहिल्यांदा उभं केलं तेव्हा स्वतःच्या खांद्यावर त्यांचं सगळं वजन घेऊन ‘टाका पाऊल, टाका’ म्हणत होती. त्यानंतर ते चालायला लागले ते इतकं सरळ की नव्या माणसाला काही कळायचं नाही. फक्त खुर्चीतून उठताना हात खुब्यावर जायचा. घरात त्या गोष्टीचा उल्लेख होत नसे. खुब्याचं बोलायचं तर खड्ड्याचं निघणार, खड्ड्याचं निघालं की दगडाचं. म्हणून कोणी काढत नसे.

आणि त्या सकाळीही कोणी काढलं नाही. थोरलीनं मनाशी हिशेब केला: दोनतीनच चौकोन आहेत. पोलादानं थोडी गडबड होईल, ती आपण मागून साफ करू. म्हाताऱ्या माणसाला एवढं चालू द्यावं.

बाबा चालले. टिकटिकीबरोबर पाऊल, पाठ ताठ, नजर समोर. वर्गात फळ्यासमोरून असेच चालायचे. तोंडानं पोथीतली ओळ म्हणत होते, ज्या नगराच्या वेशीतला दिवा शेवटच्या घराच्या उंबऱ्यावरून दिसे. टोकाशी वळायचे, परत यायचे. आई दोरीचं एक टोक धरून चष्म्याशिवाय त्यांच्याकडे बघत होती. दिसत तर काही नसणार. तरी बघत होती.

“चांगलं चालतात, नाही?” ती थोरलीला म्हणाली.

“हो.”

“हं,” आई म्हणाली. त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं, पण तिनं ते तिथंच ठेवलं.

दुपारी थोरलीनं पडद्यावर बाबांचे चौकोन उघडले. करड्या पेजेत मधोमध स्वच्छ, सरळ, समांतर रेघा. एक उजळ, एक काळी, एक उजळ, एक काळी. रेघा नवऱ्याच्या चौकोनांच्या हद्दीपाशी येऊन चाकूनं कापल्यासारख्या थांबत होत्या. या धंद्यात पहिल्या महिन्यातच शिकवतात ते हे: चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड असेल तर जाताना आकडा एकीकडे सरकतो, येताना दुसरीकडे. पट्टी उजळ, पट्टी काळी. याला साफसफाईची एक कळ असते. दाबली की सगळ्या पट्ट्या एका पातळीवर येतात आणि रेघा जातात.

तिचं बोट त्या कळीवर होतं तेवढ्यात बाबा थर्मास घेऊन जिना चढून आले.

“थांब,” ते म्हणाले.

त्यांनी थर्मास खाली ठेवला. पडद्याजवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. थोरलीच्या लक्षात आलं की बोलायची ती हीच वेळ. तिनं तोंड उघडलंही.

“गल्ल्या आहेत या,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “बघ, किती सरळ. वेशीतला दिवा उंबऱ्यावरून दिसेल नाही तर काय.”

“बाबा, हे अजून कच्चं आहे. साफ करायचंय.”

“साफ केल्यावर या राहतील?”

“... नाही.”

“मग साफ कशाला करतेस? सापडलेलं पुसायला?”

नवरा पाय उशीवर ठेवून पलीकडे पडला होता. बाबांनी त्याच्याकडे वळून विचारलं, “जावईबापू, तुम्ही सांगा. चालण्याच्या दिशेनं जाणारी खरीखुरी भिंत असली, तर ही हिची सफाई तीसुद्धा पुसते की नाही?”

पुसते. हे खरं होतं आणि नवरा खोटं बोलण्यात कच्चा होता. “तसं... पुसते, बाबा.”

“झालं तर,” बाबा म्हणाले आणि खाली शिंप्याला सांगायला गेले.

“तुला ‘पुसते’ म्हणायची काय गरज होती?” थोरलीनं दात ओठ खात विचारलं.

“मग काय म्हणू? जावई आहे मी. सासऱ्यांच्या नगरात मी कुठे खोट काढू? तू मुलगी आहेस. तू काढ.”

रात्रभर विचार करून थोरलीला एक युक्ती सुचली, आणि ती धंद्याच्या दृष्टीनं अगदी चोख होती. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं की शंका राहू नये म्हणून तेच चौकोन आडवे चालू या. उत्तर-दक्षिण चाललात, आता पूर्व-पश्चिम. जमिनीतल्या गल्ल्या असतील तर त्या आहेत तिथेच उभ्या राहतील. जमिनीत नसतील, तर त्या चालणाऱ्याबरोबर वळतील. एवढं झालं की बाबांना आपोआप कळेल. कोणाला काही बोलावं लागणार नाही.

बाबा आनंदानं आडवे चालले. दुपारी रेघा बरोबर काटकोनात वळलेल्या निघाल्या. उभ्या गेल्या, आडव्या आल्या. थोरलीनं पडदा बाबांच्या बाजूला फिरवला.

बाबांनी पाहिलं. मग त्यांनी पहिल्या दिवसाच्या नकाशाचा छापील कागद घेतला, त्यावर दुसऱ्या दिवसाचा ठेवला, आणि दोन्ही एकत्र खिडकीच्या काचेवर धरले. उजेड मागून आला. उभ्या रेघा आणि आडव्या रेघा एकमेकींत मिसळल्या.

“चौक!” बाबा ओरडले. “अगं, चौक आहेत! काल उभ्या गल्ल्या सापडल्या, आज आडव्या!”

खालून शिंप्यानं शिलाई थांबवून विचारलं, काय झालं.

“सोंगट्यांच्या पटासारखं नगर!” बाबांनी खिडकीतून सांगितलं.

थोरलीनं कपाळाला हात लावला. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला, म्हणजे झोपल्याचं दाखवलं. त्याचे खांदे हलत होते. फक्त आई गंभीर होती. ती ओल्या हातांनी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून बाबांकडे बघत होती. खिडकीच्या उजेडात बाबांचा चेहरा तिला तिशीतला दिसला असावा. निदान थोरलीला तसं वाटलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विभागप्रमुख बाईंना फोन केला. बाई एकेकाळी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, “तू ये आणि बघ. मी काही बोलत नाही.” आणि मग अर्धा तास बोलले.

थोरलीनं धाकट्या बहिणीला फोन केला. धाकटी लांब राहायची आणि सल्ला द्यायला मात्र अगदी जवळ असायची. “तूच सांग ना त्यांना,” धाकटी म्हणाली. “तू तिथे आहेस. मी फोनवरून कसं सांगू असलं?”

मग आईच्या मागे ओट्यापाशी जाऊन थोरली उभी राहिली.

“आई, शनिवारी त्या येणार. त्यांना बघताक्षणी कळेल.”

“कळू दे की.”

“कळलं की काय होईल? पुन्हा तेच. दगडासारखं. आणि या वेळी नकाशावर माझं नाव असणार.”

“मग सांग जा.”

“तू सांग ना. तू त्यांची बायको आहेस.”

“मी काय त्या यंत्रातली आहे? मला तर तुम्ही चष्मासुद्धा घालू देत नाही.” आईनं कांदा चिरायला घेतला. जरा वेळानं म्हणाली, “किती वर्षांनी गाणं म्हणत आंघोळ केली माहितीये आज?”

थोरलीनं चिरलेला कांदा ताटलीत ओढला.

“पाय बरा झाला तर मी तेच चौकोन परत चालतो,” नवऱ्यानं पलंगावरून सुचवलं. “मी चाललो की गल्ल्या जातील.”

“मग ते म्हणतील, जावईबापूंना नगर दिसत नाही,” आई म्हणाली. आणि ते खरंच होतं. बाबा असंच म्हणाले असते, आणि वर जावयाला धीरही दिला असता.

शनिवार आला. बाबांनी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला. भिंतीवर उभ्या-आडव्या गल्ल्यांचा एकत्र नकाशा लावला होता, आणि सवयीनं त्यासाठी प्लास्टिकच्या टाचण्या वापरल्या होत्या. विभागप्रमुख बाई आल्या. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, पायात चिखलाचे बूट. आल्या आल्या बाबांना वाकून नमस्कार केला. “सर, तब्येत चांगली दिसते.”

“तब्येतीचं सोड. इकडे बघ.”

त्या नकाशापुढे उभ्या राहिल्या. थोरली त्यांच्या मागे उभी होती, आणि बाईंची मान कशी हलते ते तिला दिसत होतं. मान आधी मधोमध गेली, रेघांवर. मग रेघांच्या कडेनं फिरली, जिथे त्या चाकूनं कापल्यासारख्या थांबत होत्या. चारी बाजूंनी फिरली. मग थांबली. बाईंना कळलं होतं. पुढे त्यांनी जे विचारलं ते नुसतं खात्री करायला.

“या चौकोनांत कोण चाललं होतं?”

खोलीत खालच्या शिलाई मशिनचा आवाज येत होता.

“मी,” बाबा म्हणाले. “जावईबापूंचा पाय मुरगळला. म्हणून मीच.”

“छान चाललात, सर,” बाई म्हणाल्या.

आणि वळून थोरलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोष नव्हता, राग नव्हता. तुम्ही सांगितलं नाहीत ना, मग मी कशी सांगू, एवढंच होतं. थोरलीनं खाली पाहिलं. नवऱ्यानं सुजलेला पाय या उशीवरून त्या उशीवर ठेवला. आई कप मांडत होती.

“तर मग कुठून सुरुवात करायची?” बाबांनी नकाशाशेजारच्या खुर्चीत बसत विचारलं. त्यांचं बोट नकाशावर फिरत होतं. “मला वाटतं हा चौक. इथे बाजार असणार. दोन गल्ल्या इथे मिळतात.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना एक सोपं वाक्य म्हणता आलं असतं आणि ते म्हणायचं त्यांचं कामच होतं. पण समोर त्यांचे सर होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. पहिल्या बाकावरच्या मुलीनं सरांना चूक दाखवायची म्हणजे काय, ते पन्नाशीतही जमत नाही.

“असं करू या, सर,” त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. आजाऱ्याच्या खोलीत लोक काढतात तसा. “मी गोदामवाल्यांशी बोलते. एक छोटासा चर खणू या इथे. फार नाही. निदान तुमच्या समाधानासाठी.”

बाबांचं बोट नकाशावर होतं तिथेच राहिलं.

थोरलीनं आयुष्यात बाबांवर हसणारी माणसं खूप पाहिली होती. किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी. त्यांच्यापुढे बाबा ताठ उभे राहायचे. पण त्यांच्यावर कोणी दया करताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि बाबांना ते कळलं होतं की नाही, हे तिला कळेना. ते नुसते “हो, हो, छोटा चालेल” म्हणाले, जरा घाईनंच, शेवटची जागा मिळालेल्या प्रवाशासारखे. “चल, तुला जागा दाखवतो. पायीच जाऊ. मला चालायला काही त्रास नाही.”

आणि उठण्यासाठी त्यांनी नेहमीसारखा हात खुब्यावर ठेवला.

आईनं किटली खाली ठेवली. कप अर्धाच भरला होता. तिनं पदराला नाही की फडक्याला नाही, आपल्या नाड्या लावलेल्या कपड्यांनाच हात पुसले, बाबांच्या समोर आली, आणि खुब्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. पूर्वी पलंगावरून उठवताना ठेवायची तसाच.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “चर बिर काही खणायचा नाही. ते नगर नाही. हा तुमचा खुबा आहे. तुम्ही गेलात तसा गेला, आणि आलात तसा आला.”